तासाची शेवटची सात मिनिटं: भाषेचा पाठ कसा संपवावा

मराठीचा तास बहुतेक शाळांत एकाच पद्धतीने संपतो. घंटा व्हायला दोन मिनिटं उरलेली असतात. शिक्षक विचारतात, "समजलं ना सगळ्यांना?" वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. मग स्वाध्यायातल्या प्रश्नांचे क्रमांक घाईघाईने सांगितले जातात आणि निम्म्या मुलांनी ते उतरवून घ्यायच्या आत पुढच्या तासाचे सर दारात येतात. त्या "हो"मधून शिक्षकाला काहीच कळलेलं नसतं. कविता कोणाला उमगली, कोणाला नुसती तिची चाल आवडली, सामान्यरूपाचा नियम कोणाच्या डोक्यात शिरला आणि कोणाच्या फक्त वहीत उतरला, हे सगळं झाकलेलंच राहतं.

माझं म्हणणं असं, की शेवटची सात मिनिटं शिकवण्यासाठी नाहीतच. त्या वेळात मुलाने पुस्तक मिटून, जे वाचलं-ऐकलं ते स्वतःच्या शब्दांत मांडायचं. शिक्षकाने ते पाहायचं आणि उद्याचा तास तिथून सुरू करायचा. पुढे दिलेल्या सगळ्या कृती या दोन अटींवर पारखलेल्या आहेत. दोन्ही अटी पाळत नाही ती कृती कितीही रंजक असली तरी ती मधल्या सुट्टीसाठी ठेवावी.

पुस्तक मिटूनच का?

"चला, संपवण्याआधी पाठ पुन्हा एकदा वाचून घेऊ" हा आपल्याकडचा आवडता शेवट आहे. तो का फसवतो, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून छान कळतं. अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी छोटे गद्य उतारे वाचायला दिले. एक सूर्याविषयी होता, दुसरा समुद्रातल्या पाणमांजरांविषयी. एकदा वाचून झाल्यावर काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटं झालं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के मजकूर राहिला होता, पुन्हा वाचणाऱ्यांच्या सुमारे ४२ टक्के.

त्यातली पाच मिनिटांची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला नेमकं तेवढंच दिसत असतं. पुनर्वाचन केलं की मुलं भराभर उत्तरं देतात, आपल्याला बरं वाटतं आणि खरी पडझड आठवड्याने होते, जेव्हा आपण पुढच्या पाठावर गेलेलो असतो.

आधी वेळ राखा

दैनिक टाचण लिहिताना शेवट आधी लिहा. "आज तास संपताना प्रत्येक मुलाला काय करता यायला हवं?" या एका प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहायचं आणि मग मागे येत पाठाची आखणी करायची. "कविता समजेल" हे उत्तर चालणार नाही, कारण समजणं दिसत नाही. "कवितेतल्या दोन प्रतिमा स्वतःच्या शब्दांत सांगता येतील" हे चालेल.

गृहपाठ तासाच्या सुरुवातीलाच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहून टाका. एवढ्याने शेवटची दोन-तीन मिनिटं मोकळी होतात. वेळ सांगण्याचं काम एका मुलाकडे द्या. दर आठवड्याला मूल बदला. घंटेला सात मिनिटं उरली की त्याने हात वर करायचा, आणि तुम्ही वाक्याच्या मधे असलात तरी थांबायचं. पाठ अर्धा राहिला असेल तर अर्ध्यावरच थांबा. अर्धी गोष्टसुद्धा नीट संपवता येते: "पुढे काय होईल असं वाटतं? आत्तापर्यंतच्या मजकुरातला एक पुरावा द्या." या सात मिनिटांत नवा शब्दार्थ, नवा नियम, लेखकपरिचयातली राहून गेलेली ओळ, काहीही नवं सांगायचं नाही.

निरोपाची चिठ्ठी

एकच कृती सुरू करायची असेल तर ही करा. कागद पाठकोरे घ्या. शाळेच्या कार्यालयात जुन्या परिपत्रकांचा आणि प्रश्नपत्रिकांचा ढीग असतोच. एका कागदाचे चार तुकडे केले की चार मुलांची सोय झाली. तुकडे मागच्या बाकावरून पुढे द्यायला सांगा, वेळ वाचतो.

चिठ्ठीवर प्रश्न एकच आणि उत्तर तीन ओळींपेक्षा मोठं नाही. प्रश्न असा हवा की उत्तर पाहताक्षणी मुलाच्या डोक्यात काय घडलंय ते दिसावं. "आज काय शिकलात?" हा प्रश्न टाळा. त्याला "आज आम्ही सामान्यरूप शिकलो" असं उत्तर येतं आणि त्यातून हाती काही लागत नाही.

उदाहरण म्हणून सातवीचा शुद्धलेखनाचा तास घेऊ. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांपैकी एक नियम आपण शिकवलेला आहे: अकारान्त शब्दाचं उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर दीर्घ असेल तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होतं. दूध, दुधाला. वीट, विटेला हेही सांगून झालं. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द याला अपवाद, हेही सांगितलं. आता चिठ्ठीवर तीन शब्द द्या: फूल, शरीर, गुण. प्रत्येकाला "ला" लावून लिहा आणि तिन्हींपैकी एक रूप वाक्यात वापरा.

घंटा झाल्यावर शिक्षकखोलीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायला फार वेळ लागत नाही. "फूलाला" लिहिणाऱ्यांचा एक गठ्ठा: यांच्यापर्यंत नियमच पोचला नाही. "फुलाला" बरोबर, पण "शरिराला" लिहिणाऱ्यांचा दुसरा: यांना नियम कळला, अपवाद निसटला. "गुणाला" ऐवजी "गूणाला" लिहिणारे थोडे असतील, त्यांचा तिसरा. त्यांचा गोंधळ सामान्यरूपाचा नाही, मूळ शब्दच चुकीचा पाठ झालेला आहे. उरलेल्यांची तिन्ही रूपं बरोबर असतील. हे तिघे चुकणारे वरवर सारखेच दिसतात, गुणही सारखेच जातील, पण तिघांना द्यायची मदत पूर्ण वेगळी आहे. दहा वाक्यांच्या चाचणीतून जे दिसत नाही ते या तीन शब्दांतून दिसतं, कारण शब्द निवडून घेतलेले आहेत. म्हणून मेहनत करायची ती तपासण्यावर नाही, प्रश्न शोधण्यावर.

चिठ्ठीला गुण देऊ नका. गुण दिले की मुलं शेजाऱ्याच्या चिठ्ठीत डोकावतात आणि तुम्हाला हवी असलेली माहितीच बिघडते. नाव मात्र लिहून घ्या. या चिठ्ठ्यांचा आणखी एक उपयोग होतो: आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी सत्राच्या शेवटी आठवून लिहाव्या लागत नाहीत. "तत्सम शब्दांची सामान्यरूपं अचूक लिहितो" ही नोंद चिठ्ठीवरून थेट उतरते, आणि ती खरी असते.

कविता संपवताना: पुसत जाणारा फळा

कवितेच्या तासाला चिठ्ठी थोडी कोरडी पडते. कविता कानात आणि जिभेवर राहिली पाहिजे. त्यासाठी एक कडवं मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहा. वर्गाने ते एकदा म्हणायचं. मग डस्टरने दोन-तीन शब्द पुसा आणि पुन्हा म्हणायला सांगा, पुसलेल्या शब्दांसकट. पुन्हा पुसा, पुन्हा म्हणा. चार-पाच फेऱ्यांत फळा कोरा होतो आणि कडवं पाठ झालेलं असतं. मागच्या बाकावरचं, एरवी तोंड न उघडणारं मूलही यात म्हणतं, कारण आवाज सगळ्यांचा मिळून असतो.

काय आधी पुसायचं याला मात्र क्रम आहे. सुरुवातीला "आणि", "तर", "वर" असे छोटे शब्द पुसा. दुसऱ्या फेरीत क्रियापदं. मग विशेषणं. यमकाचे शब्द सर्वांत शेवटी, कारण मुलांची स्मरणशक्ती त्यांच्या आधाराने ओळ पकडते. यमक आधी पुसलं तर तिसऱ्याच फेरीत आवाज फुटतो आणि मुलं हसण्यावारी नेतात.

फळा कोरा झाल्यावर शेवटचं दीड मिनिट एका प्रश्नाला द्या: "यातला कोणता शब्द बदलला तर कविता सगळ्यात जास्त बिघडेल?" दोघा-तिघांना शब्द आणि कारण विचारा. हा प्रश्न रसग्रहणाचा गाभा आहे आणि पाचवीतलं मूलही त्याचं उत्तर देऊ शकतं. नववी-दहावीला कृतिपत्रिकेत काव्यसौंदर्य लिहिताना "कवीने सुंदर शब्दांत वर्णन केले आहे" हे ठोकळेबाज वाक्य येतं, ते टाळायचं शिक्षण इथेच सुरू होतं.

गद्य पाठ: कारण, पण, म्हणून

गोष्ट किंवा गद्य पाठाचा सारांश सांगायला सांगितलं की मुलं "आणि मग... आणि मग..." अशी गाडी चालवतात. क्रम आठवतो, संबंध आठवत नाही. म्हणून पाठातलं एक मध्यवर्ती वाक्य फळ्यावर लिहा आणि ते तीन वेळा वेगवेगळं पूर्ण करायला द्या.

समजा पाठात एक मुलगी पुराच्या पाण्यात अडकलेली शेळी ओढून आणते. वाक्य द्या: "सखूने दावं सोडलं नाही, कारण...", "सखूने दावं सोडलं नाही, पण...", "सखूने दावं सोडलं नाही, म्हणून...". "कारण" पूर्ण करायला तिच्या मनात शिरावं लागतं. "पण" पूर्ण करायला अडथळा आठवावा लागतो. "म्हणून"साठी परिणाम. ज्याला गोष्ट खरंच कळली आहे तो तिन्ही जागी वेगळं लिहितो. ज्याला कळली नाही तो तिन्हीकडे "तिला शेळी आवडायची" हेच फिरवून लिहितो, आणि "पण"पाशी हटकून अडकतो. हा "पण" शिक्षकाचा मोठा मित्र आहे.

वेळ कमी असेल तर रांगांमध्ये वाटा. खिडकीकडची रांग "कारण", मधली "पण", दाराकडची "म्हणून". दोन मिनिटं लेखन, मग प्रत्येक रांगेतून दोन वाक्यं ऐकायची. सर्वांत चांगलं वाक्य फळ्यावर लिहून घ्या, पुसू नका, पुढच्या शिक्षकांना विनंती करून एका कोपऱ्यात राहू द्या.

तोंडी शेवट: सांग तू, भर घाल मी

लेखन नको असेल त्या दिवशी जोड्या करा. बाकावरचे शेजारी हीच जोडी, मुलांची हलवाहलव नको. पहिल्याने पुस्तक मिटून एक मिनिट सांगायचं. दुसऱ्याने मधे बोलायचं नाही, नंतर फक्त राहिलेलं सांगायचं. मग हजेरीपटावरचे कोणतेही तीन क्रमांक पुकारा. पुकारलेल्याने स्वतःचं नाही, जोडीदाराने काय सांगितलं ते सांगायचं. या एका अटीमुळे ऐकण्याला वजन येतं. श्रवण हे कौशल्य आपण अभ्यासक्रमात पहिलं लिहितो आणि वर्गात सर्वांत शेवटी आठवतो.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गांतल्या संवादांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं, की शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि "माहीत नाही" म्हणणारे कमी होतात. तीन सेकंदांची शांतता तासाच्या शेवटी खूप लांब वाटते. तरी थांबा.

शब्दांचा डबा

शब्दांच्या भेंड्या हा तास संपवण्याचा सर्वांत लोकप्रिय प्रकार. मुलांना आवडतो, पण त्यात येणारे शब्द मुलांना आधीपासून येत असलेलेच असतात, आणि खेळतात चार-पाच चुणचुणीत मुलं. त्याऐवजी वर्गात एक रिकामा डबा ठेवा. प्रत्येक पाठातले चार-पाच शब्द चिठ्ठीवर लिहून त्यात टाकत जा. शेवटी तीन चिठ्ठ्या काढायच्या. एखादी आजच्या पाठातली निघेल, एखादी दीड महिन्यापूर्वीची. अर्थ विचारू नका. "हा शब्द आपल्या शाळेतल्या कशाला तरी लावा" असं सांगा. "निर्जन" शब्द निघाला आणि एखादी मुलगी म्हणाली "सुट्टीत शाळेचं मैदान निर्जन असतं", तर तो शब्द तिचा झाला. जो शब्द तीनदा निघून तीनही वेळा नीट वापरला गेला तो डब्यातून काढून भिंतीवर चिकटवा.

त्यातच अधूनमधून घरची बोली आणा. प्रमाण मराठीतला एक शब्द घ्या आणि घरी काय म्हणतात ते विचारा. "मुलगा" म्हटल्यावर विदर्भातल्या वर्गात "पोट्टा" येईल, खानदेशात "आंडोर", मालवणी घरातून "झील". उत्तर फळ्यावर त्याच अक्षरांत लिहा, दुरुस्त करू नका. ज्यांच्या घरी गोंडी, कोरकू, पावरी, हिंदी किंवा तेलुगू बोलतात त्यांनाही हाच मान. पुस्तकी भाषेपुढे गप्प बसणारी मुलं या दोन मिनिटांत वर्गाचे शिक्षक होतात, आणि त्यानंतर प्रमाण भाषेत चुकायला कमी घाबरतात. हे मी फार मोलाचं मानतो.

मोठा वर्ग, लहान मुलं, दोन इयत्ता एकत्र

साठ मुलांच्या वर्गात रोज सगळ्या चिठ्ठ्या वाचणं शक्य नाही. रोज एकच रांग चिठ्ठ्या देईल, बाकीचे तोच प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर सोडवतील. चार रांगा असतील तर चार दिवसांत पूर्ण वर्ग दिसतो.

पहिली-दुसरीला पाटी काढा. पाटीसारखं साधन नाही. "'क' ला दुसरी वेलांटी", सगळ्यांनी लिहायचं, तीन म्हटलं की पाट्या वर. एका नजरेत चाळीस उत्तरं दिसतात आणि फडक्याने पुसून लगेच पुढचा प्रश्न. पाचपेक्षा जास्त प्रश्न नकोत.

द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकत्र बसत असेल तर चौथीच्या मुलाने तिसरीच्याला आजचा परिच्छेद वाचून दाखवायचा आणि तिसरीच्याने त्यावर एक प्रश्न विचारायचा. उत्तर देणं चौथीचं काम. प्रश्न तयार करणं हे उत्तर देण्याहून कठीण असतं, त्यामुळे लहानग्याच्या वाट्याला आलेलं काम हलकं नाही.

आठवड्यातून एकदा भरणारी शाळा

उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात. तिथे पुढचा तास सात दिवसांनी येतो, मधे मुलाच्या कानावर मराठी पडली तर घरातूनच. तेव्हा शेवटाची कृती घराकडे वळवा. मुलाने वर्गातून निघताना एकच प्रश्न पाठ करून जायचा, जो आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर विचारायचा: "आजी, तुमच्या शाळेत डबा कोण द्यायचं?" उत्तरातलं एक वाक्य पुढच्या वेळी वर्गात बोलून दाखवायचं. आज शिकवलेलं व्याकरण त्या प्रश्नात बसवा. इथे भूतकाळातली सवय सांगणारं "द्यायचं" हे रूप बसलं आहे, आणि आजीच्या उत्तरात ते आपोआप चार वेळा येईल. महाराष्ट्रातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची झाली आहे. तिथल्या शिक्षकांनाही ही कृती जशीच्या तशी वापरता येते, फक्त आजीच्या जागी रिक्षावाले काका किंवा शेजारच्या मावशी येतील.

उद्याची पहिली तीन मिनिटं

चिठ्ठ्यांचे गठ्ठे करून कपाटात ठेवले तर सगळी कृती वाया गेली. दुसऱ्या दिवशी हजेरी झाली की लगेच एक चांगली चिठ्ठी नाव न घेता वाचून दाखवा, आणि एक चूक, तीही निनावी, फळ्यावर लिहा: "शरिराला". वर्गाला विचारा, असं का लिहावंसं वाटलं असेल? "चुकलं कुठे?" विचारण्यापेक्षा हा प्रश्न बरा, कारण चुकलेल्या मुलाचा तर्क अर्धा बरोबर होता हे सगळ्यांसमोर येतं. वर्गातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलांनी तीच चूक केली असेल तर नवा पाठ पुढे ढकला आणि तोच भाग वेगळ्या उदाहरणांनी घ्या. तीन-चार मुलंच चुकली असतील तर त्यांना मधल्या सुट्टीच्या आधी दोन मिनिटं जवळ बोलवा, सगळ्या वर्गाला थांबवू नका.

सुरुवात करताना पहिले दोन आठवडे एकच कृती ठेवा, शक्यतो चिठ्ठी. मुलांना रीत अंगवळणी पडली की कागद वाटणं, लिहिणं, गोळा करणं चार मिनिटांत होतं. पहिल्या दिवशी दहा लागतील. त्या दिवशी पाठ तेवढा आधी थांबवा.